छत बघायला आलेला मामू

बायकांच्या गप्पांत लहानपणाचा विषय निघाला की कुणी आमराई सांगते, कुणी खाडीतलं पोहणं सांगते. माझी पाळी आली की मी म्युझियम सांगते आणि सगळ्या हसतात. हसू देत. रियाधमध्ये तेलाच्या त्या तेजीच्या दिवसांत आमच्यासारख्या घराने शुक्रवारी संध्याकाळी जायचं तरी कुठे? सिनेमा नाही, नाटक नाही, बागेत गेलं तर ऊन, बाजारात गेलं तर धक्काबुक्की. सरकारी म्युझियम मात्र फुकट होतं, आत एसीचा गारवा होता, आणि आठवड्यातले ठरावीक दिवस दारावर पाटी लागायची, ‘अवाइल’. म्हणजे कुटुंबकबिला. त्या दिवशी एकट्या पुरुषाला आत सोडत नसत, आणि बाकीच्या दिवशी बाईला. आमचा दिवस शुक्रवार. मी पंधरा वर्षांची होईपर्यंत ते म्युझियम मला घरापेक्षा जास्त पाठ झालं होतं.

आम्हाला तिथे न्यायचे अब्बा, आणि अब्बांचा त्या म्युझियमवर काडीचा विश्वास नव्हता. अब्बा एका मोठ्या बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. त्यांचा धंदाच संशयाचा. ट्रकमधून माल उतरला की तो आधी चुकीचाच असतो, बरोबर निघाला तर ते त्याचं नशीब, असं ते म्हणायचे. ही सवय त्यांनी घरी आणली होती. कुणी बुरैद्याहून खजुरांची पेटी भेट आणली, तर वरचा थर बाजूला काढून ते खालचे खजूर तपासत. टेलिफोनवर उशी ठेवलेली असायची, का म्हणून विचारायची सोय नव्हती. कंपनी, कफील म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो मालक, इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, यातलं काही बोलायचं असलं की आधी रेडिओ मोठा व्हायचा. खिडकीतला एसी घरघर करतोय, रेडिओवर अरबी बातम्या चालू, स्वयंपाकघरात अम्माची भाकरी थापल्याचा आवाज, आणि या सगळ्याच्या खाली अब्बांची कुजबुज, असं आमचं घर होतं. अम्मा वैतागून म्हणायची, “अवो, आपली बोली हितं कुनाला कळतेय?”

“कळत नाय, असा तुला कोनी सांगितलान?” अब्बा विचारायचे.

म्युझियमच्या दारात शिरताना अब्बा हसऱ्या चेहऱ्याचे व्हायचे. तो चेहरा फक्त तिथलाच. पहारेकऱ्याला मोठ्याने सलाम करायचे, छातीवर हात ठेवायचे, आणि आत दोन दालनं पार केली की ओठ न हलवता बोलायला लागायचे. पहिल्या दालनात काळोख मुद्दाम केलेला. मातीचं घर, त्यात मेणासारख्या तोंडाची माणसं, विहिरीवरचं लाकडी चाक, उंटाचं खोगीर, आणि कुठूनतरी लावलेला वाऱ्याचा आवाज. सगळं गरीब, सगळं तहानलेलं. मग एक जाड दार यायचं. त्या दाराच्या पलीकडे एकदम लख्ख उजेड, समोर राजेसाहेबांची भिंतभर तसबीर, पहिल्या तेलविहिरीची प्रतिकृती, आणि काचेखाली अख्ख्या शहराचं मॉडेल. बटण दाबलं की मॉडेलमधले दिवे लागायचे. माझा धाकटा भाऊ इंग्रजीत ओरडायचा, “अब्बा, प्रेस इट अगेन!” आणि अब्बा बटण दाबता दाबता मला म्हणायचे, “यात काय हाय ते सगळे बघतात. काय नाय ते बघ.”

मी बघायची. मॉडेलमध्ये रस्ते होते, पूल होते, खजुराची झाडं होती, हिरव्या रंगाच्या मोटारी होत्या. माणूस नव्हता. क्रेन नव्हती, मिक्सर नव्हता, डांगरी घातलेला एकही मजूर नव्हता. खिडकीतून आम्हाला रोज दिसणारं शहर तर त्यांनीच भरलेलं होतं, आमचे, पाकिस्तानचे, कोरियाचे, येमेनचे. काळोख्या दालनात एक जुना लाकडी दरवाजा होता, नक्षीचा, त्याच्याखाली लिहिलेलं की हे स्थानिक कारागिरीचं उदाहरण. अब्बा त्या दरवाजापाशी हटकून थांबायचे. “सागवान हाय,” ते म्हणायचे. “ता यांच्या वाळूत उगवला काय? आमच्या आज्याच्या गलबतातून तांदूळ आणि सागवान यायचा हितं. कुठं हाय आमचा आजा? कुठल्या कपाटात ठेवलाय?” मग पहारेकरी जवळ आला की मोठ्याने, “माशाल्ला, माशाल्ला.”

जगात कुठेही गेले तरी सरकारी म्युझियममध्ये मी पाट्या सोडते आणि कोण गाळलंय ते शोधत बसते. नातवंडं कंटाळतात. काय करू, ती खोड अब्बांची. पण त्या खोडीचं दुसरं टोक मला पंधराव्या वर्षी टोचलं, कारण बाहेरच्यांवर संशय घ्यायला शिकवलं की तो संशय उंबऱ्यावर थांबत नाही. मी घरातही, काय नाही ते बघायला लागले होते.

आमच्या घरी दर शुक्रवारी दुपारी इस्माईलमामू जेवायला यायचा. अम्माच्या गावचा, तिच्याच वाडीतला. शहराबाहेर कंपनीच्या कॅम्पमध्ये राहायचा, एका खोलीत आठ-दहाजण, आणि मोठ्या इमारतींच्या छतात एसीचे डक्ट, म्हणजे गार हवा नेणारे पत्र्याचे बोगदे, बसवायचं काम करायचा. उंच, सडपातळ, सतत मान वर करून बोलणारा. तो आला की अम्मा वेगळीच व्हायची. एरवी आमच्याशी तिचं बोलणं म्हणजे जेवा, आवरा, निजा. तो आला की तिची बोली सैल सुटायची, हसणं मोठं व्हायचं. तो तिला ‘जुबू’ म्हणायचा. अब्बाही तिला जुबेदा म्हणायचे, आणि हा जुबू! तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कोकमाचं सार, आणि सुरमई मिळाली असेल तर तिचं कालवण, हे शुक्रवारचं जेवण त्याच्यासाठीच असे. सुरमईचा मधला तुकडा त्याच्या ताटात पडायचा. मी बघायची, अब्बाही बघायचे.

“मामू म्हंजे सख्खा?” असं मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आमच्याकडे आईच्या गावचा प्रत्येक पुरुष मामू आणि बापाच्या गावचा प्रत्येक पुरुष चाचा. ते तसंच असतं. पण तो गेल्यावर एकदा अब्बा रेडिओ मोठा न करताच म्हणाले, “गाववाला म्हणून किती घरात घ्यायचा, याला काय माप हाय की नाय?” अम्मा भांडी घासत होती. तिने नळ आणखी मोठा सोडला. तिने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिच्या गप्प बसण्याने माझ्या मनात जी पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यानंतर शुक्रवारी दुपारी अब्बा बाहेर पडेनासे झाले. जेवून लवंडायचेही नाहीत, समोर बसून राहायचे. आणि मी अब्बांच्या बाजूला.

म्युझियमचं मामूनेच काढलं. एका शुक्रवारी हात धुऊन आला आणि अब्बांना म्हणाला, “भावजी, तुमी दर जुम्म्याला त्या म्युझियममध्ये जाता ना? त्याचं नवीन दालन हाय ना उजेडाचा, त्याचे डक्ट मी टाकलेत. पूर्ण छत आमच्या टोळीनं केलान. काम झाला तशी आमाला मागच्या दारानं काढलान. खाली काय ठेवलान ते मी बघितलाच नाय.”

“मग जा की. पुरुषांचे दिवस असतात,” अब्बा म्हणाले.

“त्या दिवशी मी साइटवर असतो. जुम्म्याला सुट्टी, तर जुम्म्याला अवाइल.” तो हसला. “मला कुठं अवाइल हाय हितं?”

अब्बा नाही म्हणणार याची मला खात्री होती. एकट्या पुरुषाला आपल्या बायको-पोरांबरोबर कुटुंब म्हणून आत घ्यायचं, हे बरेच लोक करायचे, बागेत, बाजारात. पण अब्बांसारखा माणूस? तेवढ्यात अम्मा आतून बाहेर आली, पदर सावरत म्हणाली, “येऊ दे त्याला. माझा भाऊ हाय.” इतकंच. अब्बांनी तिच्याकडे बघितलं आणि गाडीची किल्ली उचलली.

दारात कुणी अडवलं नाही. पहारेकऱ्याने डोकी बघितली, अबाया घातलेली बाई, मुलं, दोन पुरुष, आणि हात हलवला, यल्ला, चला. काळोखाचं दालन मामूने झरझर पार केलं. मातीचं घर, उंट, विहीर, कशाकडे ढुंकून नाही. जाड दार उघडलं आणि तो उजेडात उभा राहिला, मान वर करून. राजेसाहेबांची तसबीर समोर, तिच्याकडे बघितलं नाही. शहराच्या मॉडेलचे दिवे माझ्या भावाने लावून दाखवले, तिकडेही नाही. तो छताकडेच बघत होता. एका जाळीखाली उभा राहिला, हात वर करून हवेचा झोत अंगावर घेतला, मग दुसऱ्या जाळीखाली गेला. “जुबू, हितं बघ,” तो म्हणाला आणि बोटाने दाखवायला लागला. “या कोपऱ्यात डक्ट वळत नव्हता. तीनदा खोलला. आता बघ कसा गेलाय.” अम्माही मान वर करून बघायला लागली. आणि मी, अल्लाची शपथ सांगते, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला डक्टमधलं काय कळत होतं? पण तिचा चेहरा असा फुलला होता, जसं काही ते छत तिच्या माहेरचं आहे.

पहारेकरीही बघत होता. त्याच्या बाजूने विचार करा. म्युझियममध्ये एक माणूस येतो, एकही वस्तू बघत नाही, राजेसाहेबांकडे पाठ करून छतातल्या जाळ्या मोजतो, बोट करून एका बाईला दाखवतो. त्या काळात त्या शहरात याहून संशयास्पद दुसरं काही करता आलंच नसतं! तो पहारेकरी आत गेला आणि दुसऱ्याला घेऊन आला. अब्बांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पांढरा बघितला नव्हता. ते माझ्या कानाशी पुटपुटले, “खाली बघ. सगळे खाली बघा.” मामू अजून वरच बघत होता.

पहारेकऱ्याने मला विचारलं, कारण शेजारच्या सुदानी मुलींमुळे अरबी मलाच येत होतं. हा कोण? मी बिनदिक्कत सांगितलं, माझा मामा, आईचा भाऊ. मी खोटं बोलत नव्हते. आमच्या हिशेबी तो मामाच होता. पहारेकऱ्याने त्याचा इकामा मागितला, मग अम्माचा. दोन्ही शेजारी शेजारी धरले. तिथे माणसाची ओळख बापाच्या नावाने. अम्माच्या बापाचं नाव एक, मामूच्या बापाचं दुसरं. कफीलही निराळा. पहारेकऱ्याने मान वर केली तेव्हा छताचा विषय संपला होता आणि त्याहून वाईट विषय सुरू झाला होता. परका पुरुष, दुसऱ्याची बायको, आणि अवाइलचा दिवस.

आम्हाला वेगळं केलं. अम्मा आणि धाकटा भाऊ बायकांच्या एका खोलीत, तिथे काळ्या बुरख्यातली पहाऱ्यावरची एक बाई बसली होती. अब्बा आणि मामू ऑफिसमध्ये. टेबलामागे एक म्हातारे अधिकारी होते, पांढरी दाढी, आवाज हळू. आरडाओरडा करणारा असता तर मी इतकी घाबरले नसते. अम्माला अरबी येत नाही म्हणून मला दुभाषी केलं, दोन्ही खोल्यांमधून माझी ये-जा. काय होऊ शकतं हे मला पक्कं ठाऊक होतं, कॅम्पातल्या गोष्टी घरी येऊन आदळायच्याच. मामूला कोठडी, नाहीतर परतीचं विमान. अब्बांची नोकरी. आणि अम्मावर जो डाग पडेल तो रियाधमध्ये थांबणार नव्हता, पहिल्या सुट्टीवाल्याबरोबर गावात पोचला असता.

“हा माणूस तुझ्या बायकोचा भाऊ?” अधिकाऱ्यांनी अब्बांना विचारलं. अब्बांचं साइटवरचं मोडकं अरबी होतं, तेवढं त्यांना कळलं.

“हो.”

“मग दोघांचे बाप वेगळे कसे? आई एक आहे का?”

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना सुटायचं असेल तर रस्ता सरळ होता. हा गावचा माणूस आहे, बायकोने भाऊ म्हटलं म्हणून मी आणला, एवढं बोलले असते की खरंही झालं असतं आणि त्यांची मानही मोकळी झाली असती. गेले कित्येक शुक्रवार ज्याच्यासमोर ते पहाऱ्याला बसले होते, तो माणूस शेजारी खुर्चीवर घाम पुसत होता. मला वाटलं, आता अब्बा बोलणार. मला वाटलं, बोलावंच त्यांनी, एकदाचं होऊन जाऊ दे. लाज वाटते सांगायला, पण तसं वाटलं होतं.

अब्बा म्हणाले, “मला विचारू नका. माझ्या बायकोला विचारा. ती सांगेल तो तिचा जो कोण, तोच तो.”

म्हाताऱ्या अधिकाऱ्यांनी भुवया वर केल्या. “तू नवरा. आणि तुला माहीत नाही?”

दारात पहारेकरी हसला. माझ्यादेखत हसला. अब्बा खाली बघत होते, पण आवाज मात्र स्टोअरमधला, माल परत पाठवतानाचा. “तिला माहीत आहे. मला तेवढं पुरे.”

मी बायकांच्या खोलीत गेले. ती काळ्या बुरख्यातली बाई माझ्यामागे उभी. मी अम्माला प्रश्न सांगितला आणि आमच्या बोलीत पुढे जोडून टाकलं, “अब्बा म्हणालेत, तू सांगशील ता खरा.” अम्माने डोळे मिटले. माझा भाऊ “व्हॉट हॅपन्ड? व्हॉट हॅपन्ड?” करत तिचा हात ओढत होता. मग ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “त्याला सांग, माझ्या आयचा दूध प्यायलाय तो. त्याची आय आजारी होती. आमी दोघं एकाच पदराखाली वाढलो. दूधभाऊ हाय माझा.”

मी तिच्याकडे बघत राहिले. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. “बघतेस काय?” अम्मा म्हणाली. “जा, सांग.”

मला ‘दूधभाऊ’ला अरबी शब्द येत नव्हता. मी म्हाताऱ्यासमोर उभी राहून, कानापर्यंत लाल होत, सांगितलं की याला माझ्या नानीने पाजलंय. त्यांना लगेच कळलं. दुधाचं नातं म्हणजे रक्ताचंच, दोघांचं लग्न होऊ शकत नाही, पडदा लागत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांचा चेहरा बदलला. आधी तो हाकिमाचा होता, आता मशिदीतल्या कुणा बुजुर्गाचा झाला. अब्बांनी मान वर केली नाही. मामूला काही कळत नव्हतं, तो माझ्याकडे आणि म्हाताऱ्याकडे आळीपाळीने बघत होता.

“याला पण विचारतो,” म्हातारे म्हणाले, आणि मामूकडे वळले. “मुली, याला फक्त एवढं विचार, ती बाई तुझी कोण. तुझ्या आईने सांगितलं ते याला सांगू नकोस.”

मी तोंड उघडलं आणि बाहेर मगरिबची, सूर्यास्ताची अजान सुरू झाली. नमाजाची वेळ झाली की तिथे सगळं जागच्या जागी थांबतं, दुकानाचं शटर, टेबलावरचा हिशेब, चौकशीसुद्धा. म्हातारे उठले. इकामे टेबलावरून अब्बांच्या हातात दिले. मामूला बोट वर करून म्हणाले, “तू. पुन्हा छताकडे बघू नकोस.” मग पहारेकऱ्याला, “खलास.” ते हातपाय धुवायला, वजूला गेले आणि आम्ही गाडीत जाऊन बसलो.

मामूला कॅम्पच्या फाट्यावर उतरवलं. त्याने दार लावताना “जुबू” म्हटलं आणि कॅम्पच्या रस्त्याला लागला. पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग कळलं की त्याने अल खफजीला बदली मागून घेतली, समुद्रातल्या तेलाच्या कामावर. सुरमईचा मधला तुकडा आता अब्बांच्या ताटात पडायचा आणि अब्बा तो माझ्या भावाला द्यायचे. आम्ही त्यानंतरही म्युझियमला जायचो, न जाणं संशयास्पद दिसेल असं अब्बांचं म्हणणं. पण अम्मा काळोख्या दालनातच बसून राहायची, वाऱ्याचा तो आवाज ऐकत. जाड दारापलीकडे ती पुन्हा गेली नाही.

आणि मी? मी दिवसरात्र तोच चाळा घेऊन बसले. अम्माला मोकळं रान मिळालं होतं, अब्बांनी स्वतःच दिलं होतं, आणि मीच ते तिच्यापर्यंत पोचवलं होतं. मग ती जे बोलली ते तिला तिथेच सुचलं की काय? डोळे कशाला मिटले होते? आणि त्याची आई आजारी होती म्हणे, पण ती खतिजाखाला तर गावात धडधाकट होती, दरवर्षी कुणाच्या तरी हाती फणसपोळी पाठवायची, आमच्याकडेही तिचा वाटा यायचा! खरं असेल तर ही गोष्ट इतक्या वर्षांत घरात एकदाही का निघाली नाही? आणि खोटं असेल, तर तो तिचा कोण होता? म्युझियममध्ये काय नाही ते बघायला मी शिकले होते. आता आमच्याच घरात एक दालन होतं आणि त्याला पाटी नव्हती. अब्बांना विचारायची हिंमत नव्हती. ते अम्माशी पूर्वीसारखेच वागत होते आणि मला त्याचाच राग यायचा. खजुराची पेटी उलटी करणारा माणूस इथे गप्प कसा?

शाळेला सुट्टी लागली तसे आम्ही अम्माच्या गावी आलो. दुसऱ्याच दिवशी मी नानीला पडवीत गाठलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. आडून विचारायचं मी ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं. “नानी, तू इस्माईलमामूला दूध पाजलं होतंस?”

सूप थांबलं. नानीने आधी अंगणाकडे बघितलं, मग तिथे लाकडं फोडणाऱ्या गड्याकडे, मग माझ्याकडे. “तुला कोनी सांगितलान?” हा प्रश्न आमच्या घरात दोन्हीकडून आलेला आहे बघा.

“अम्माने.”

“जुबूने तोंडातून काढलान?” नानी खरीच हादरली. मग तिने मला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला. “खतिजा बाळंत झाली आणि मुदतीच्या तापात पडली. जगत्येय की मरत्येय असा झाला. पोर रडून निळा पडला. माझ्या मांडीवर तुझी आय होती, दुसऱ्या मांडीवर त्याला घेतला. दात येईपर्यंत प्यायलान, आणि दात आल्यावर मेल्यानं चावलान. खतिजा बरी झाली पण तिला दूध काय परत आला नाय. बाईच्या जिवाला लागतं गो ते. म्हणून तुझ्या नानाने घरात ताकीद दिलान, खतिजाच्या जीवात जीव हाय तोवर ही गोष्ट कुनी काढायची नाय. जुबूने बापाला शब्द दिला होता.” ती पुन्हा तांदूळ पाखडायला लागली, मग थांबली. “नवऱ्याला पन सांगितला नव्हतान तिने. काय गो, असा काय झाला तिकडं?”

मी उत्तर द्यायला थांबले नाही. माझ्या छातीवरून इतका मोठा दगड उतरला होता की मी अनवाणीच धावले. अम्मा खोटं बोलली नव्हती. तिने त्या खोलीत डोळे मिटले ते बापाला दिलेला शब्द मोडताना मिटले होते. आणि हे अब्बांना माहीत नव्हतं! इतके महिने त्यांनी ही शंका पोटात घेऊन काढली असणार, तीच शंका, मी काढली तशी. बिचारे अब्बा. मला त्यांना मोकळं करायचं होतं, आत्ता, या मिनिटाला.

अब्बा अंगणाच्या फाटकात, बेड्यापाशी उकिडवे बसले होते. समोर कोळीण, तिच्या टोपलीत बांगडे. अब्बा एकेक बांगडा उचलून त्याचा कल्ला उघडून आत बघत होते, डोळे दाबून बघत होते, वास घेत होते, आणि कोळीण कपाळाला हात लावून बसली होती. मी धापा टाकत म्हटलं, “अब्बा, खरं आहे. नानीने सांगितलं. तिनेच पाजलंय मामूला. अम्मा म्हणाली ते सगळं खरं आहे.”

अब्बांनी हातातला बांगडा उजेडाकडे धरला.

“मी विचारलं होतं काय?” ते म्हणाले.

त्यांनी तो बांगडा टोपलीत परत टाकला आणि कोळणीला म्हणाले, “हा नको. ताजा काढ. इस्माईल सुट्टीवर आलाय, सकाळीच सांगून आलोय त्याला. संध्याकाळी जेवायला येतोय.”